खातेफोड करायची आहे, पण ताईकडे सही मागवत नाही

प्रश्न
अण्णा गेल्या वैशाखात गेले. मृत्युपत्र नाही. त्यांनी स्वतः विकत घेतलेलं ४ एकर २० गुंठे रान खटाव तालुक्यात आहे. जिरायतच म्हणा, पण वरच्या अंगाला विहीर आहे. वारस चौघं: आई, दादा, ताई, मी. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर चौघांची नावं लागली. आता खातेफोड, म्हणजे ज्याचा वाटा त्याच्या नावावर वेगळा करायचा.

रान आजवर दादानंच कसलं. विहीरही त्यानं आणि अण्णांनी खांदली. मी पुण्यात नोकरीला. भावकीतले म्हणतात, ताईकडून हक्कसोड घ्या आणि दोघांत वाटा. परवा हा विषय निघाला तेव्हा ताई चहा गाळत होती. कप भरून बशीत सांडला तरी तिचं लक्ष नव्हतं. मला ती सही मागवत नाही. कोर्टाची पायरीही चढायची नाही. कुणी घरात बसून हे मिटवलंय का?

प्रतिसाद १
तलाठी म्हणून निवृत्त झालो. जमीन स्वकष्टार्जित आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं चौघांना सारखं, प्रत्येकी ४५ गुंठे. हक्क सोडायचा की नाही हे ताईंनी ठरवायचं, भावकीनं नाही. एकमत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे सगळ्यांच्या संमतीनं अर्ज करा, किंवा वाटणीपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. स्टॅम्पपेपरवर लिहून ट्रंकेत ठेवलेल्या वाटण्यांवरून चुलतभावांत लागलेली भांडणं मी फार पाहिली.

प्रतिसाद २
आमच्यात गुंठ्याला गुंठा सारखा पडला, तरी काकांशी दहा वर्षं बोलणं बंद होतं. विहीर त्यांच्या वाट्यात गेली आणि कागदावर पाण्याचा शब्द नव्हता. शाळू पोटरीत असताना मोटारीच्या पेटीला कुलूप लागलं. आई बांधावर बसून रडलेली आठवते. म्हणून सांगते, आधी पाणी लिहा: विहीर सामाईक, कुणाची पाळी कोणत्या वारी, विजेचं बिल कोण भरणार. गाडीवाट कुठून आणि किती फूट, तेही. वाटे त्यानंतर पाडा.

धागाकर्ता
रविवारी चौघं रानात गेलो. ताईला मी सरळ विचारलं. म्हणाली, "मला माझा वाटा हवाय. विकायचा नाही. दादानंच अर्धेलीनं, निम्म्या पिकावर, करावा." दादा बराच वेळ विहिरीत बघत उभा राहिला, मग "बरं" म्हणाला.

विहिरीलगतचा वाटा दादाला, कारण तिथे त्याचा घाम आहे. तो ४२ गुंठ्यांचा, बाकीचे तीन ४६चे. त्या तिघांच्या चिठ्ठ्या आईनं उचलल्या. आईचा वाटा आईच्याच नावावर. विहीर चौघांची, पाळ्या वहीत लिहिल्या.

गाडीवाट तेवढी अडली आहे. दादा आठ फूट म्हणतो, ताई दहा. आठातून बैलगाडी जाते, पण ट्रॅक्टरची ट्रॉली वळत नाही. बुधवारी ट्रॉली आणूनच बघणार आहोत.