घराण्याची कंपनी समाजाचं जास्त करते, हे खरंय का?

लेथवाला_वाळवा
परवा इथे एकाने लिहिलं की घराण्याच्या कंपन्याच समाजाचं मनापासून करतात, पगारी एमडी (व्यवस्थापकीय संचालक) ठेवणाऱ्या नुसता कायद्याने सांगितलेल्या दोन टक्के समाजकार्याच्या खर्चाचा, म्हणजे सीएसआरचा, हिशोब जुळवतात, आणि पुरावा काय तर किर्लोस्करवाडी. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

वाडीचं मोठेपण मी नाकारत नाही, आमच्याच भागातली गोष्ट आहे. १९१० साली कुंडलजवळच्या त्या माळावर निवडुंग आणि सापच होते, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे नांगराचा कारखाना आणि वसाहत बरोबरच उभी केली, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणीला ठेवलं. पण जमीन कोणी दिली? औंध संस्थानाच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी. म्हणजे आधी संस्थानाने कारखान्याला दिलं, मग कारखान्याने गावाला. आणि मुख्य म्हणजे तेव्हा कामगार वेगळा आणि समाज वेगळा असं नव्हतंच, कामगाराला घर दिलं की गाव वसत होतं. आता कामगार एका खात्यात आणि समाज दुसऱ्या. म्हणून माझं म्हणणं, कुठल्याही कंपनीचं कौतुक करायच्या आधी गेटच्या आत काय चाललंय ते बघा.

माळावरची
जमीन दिली हो, पण संस्थानिकांनी जमिनी काय एकालाच दिल्या? सगळ्यांनी वाडी वसवली का? नांगर विकणाऱ्या माणसांना १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' मासिक काढायची काय गरज होती? आणि जमशेदपूरला टाटांनी आठ तासांची पाळी १९१२ मध्येच आणली, कायद्यात ते यायला १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट लागला. घराण्याला नावाची चाड असते, पुढच्या पिढीला त्याच गावात तोंड दाखवायचं असतं. पगारी एमडी तीन वर्षांत दुसरीकडे जातो. हा फरक तुम्हाला दिसत नाही का?

आकडेमोड
ताई, टाटांचं उदाहरण देताय पण टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर ट्रस्टांकडे आहेत, घराण्याच्या खिशात नाहीत. तिथे नफ्याचा मोठा वाटा ट्रस्टांकडे जायची सोय मालकीतच आहे, कोणाच्या मोठ्या मनावर सोडलेलं नाही. माझा मुद्दा हाच आहे, की मोठ्या मनापेक्षा अशी सोय महत्त्वाची.

आणि लेथवाले दादा, कामगार-समाज ही दोन खाती कंपन्यांनी नाही, कायद्याने केलीत. ५०० कोटी नेटवर्थ, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा, यातलं एक जरी लागू झालं तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, हे १ एप्रिल २०१४ पासून आहे. स्वतःच्या कर्मचाऱ्यांवरचा खर्च त्यात धरता येत नाही आणि ते योग्यच आहे, नाहीतर कॅन्टीनचा चहासुद्धा समाजसेवेत लावला असता.

ब्रेकवाला
कॅन्टीनचा विषय निघालाच आहे तर ऐका. मी एमआयडीसीत ठेकेदाराकडून लागलोय, घराण्याची कंपनी आहे, नाव सांगत नाही. गेटवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, गावात त्यांच्या नावाचं सभागृह. आणि आत आमची जेवणाची कूपनं पिवळी, पर्मनंटवाल्यांची निळी. पिवळ्यावाल्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं, तिथे मे महिन्यात पंखा नाही. मशीन तेच, पाळी तीच. सात महिने झाले की ब्रेक, म्हणजे कामावरून कमी करतात, मग नवीन गेटपास. माझ्या पोराला त्यांच्याच ट्रस्टकडून वह्या मिळाल्या. मला वह्या नकोत, मला पर्मनंट करा, वह्या मी घेतो विकत.

माळावरची
तुमच्या मालकाचं मी समर्थन करतच नाहीये. पण ब्रेक काय फक्त घराण्याच्या कंपन्या देतात? सगळी एमआयडीसी ठेक्यावर चालते. माझे आजोबा एका घराण्याच्या मिलमध्ये होते, खात्यात अपघात होऊन गेले तेव्हा धाकटे मालक स्वतः घरी आले, आजीला शिवणखात्यात घेतलं, त्यावर तीन मुलं शिकली. अशी माणसं होती. तुम्ही सगळ्यांना एकाच मापाने मोजताय याचा मला राग येतो.

लेथवाला_वाळवा
आजीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण ताई, त्या दिवशी धाकटे मालक गावी गेले असते तर? भरपाई हा आजीचा हक्क होता, तो कोणाच्या येण्यावर का अवलंबून? घराण्याच्या चांगुलपणात मला हीच भीती वाटते, वडील देतात आणि मुलगा बंद करतो.

खडूफळा
झेडपी शाळेत शिकवते. एका कंपनीने प्रोजेक्टर दिला, ऐन मार्चमध्ये, फोटो काढून गेले. शाळेचं वीजबिल थकलेलं, मीटर काढून नेलेला, प्रोजेक्टर अजून कपाटात. बिल भरा म्हटलं तर म्हणाले त्यावर नाव कुठे लावणार. कंपनी घराण्याची होती की नव्हती मला माहीत नाही, वर्गातल्या पोरांनाही त्याने फरक पडत नाही.

आकडेमोड
मार्च का, तर वर्षात खर्च झाला नाही तर २०२१ पासून शिल्लक ठेवता येत नाही. चालू प्रकल्पाचे पैसे वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत संपवायचे, बाकीचे सरकारी फंडात. मग वर्षअखेरीला जे पटकन बिलात बसेल ते घेतात. मात्र कंपनीची वेबसाइट असेल तर प्रकल्पांची माहिती तिथे टाकणं बंधनकारक आहे, सगळ्यांनी आपापल्या भागातल्या कंपनीची उघडून बघा.

माळावरची
ठीक आहे, हक्क आधी हे मानते. आजीलाही तसंच वाटलं असतं कदाचित. पण नफा आकड्यांच्या वर गेल्यावरच ज्यांना समाज आठवतो, त्यांच्यापेक्षा कोणी सांगायच्या आधी करणारे मोठे, हे मी सोडणार नाही.

ब्रेकवाला
मोठे असतील ताई. आमच्याकडे पुढच्या आठवड्यात त्यांच्या आजोबांची जयंती आहे, सभागृहात रक्तदान शिबीर. पिवळ्या कूपनवाल्यांना सक्तीने बोलावलंय आणि त्या दिवसाची हजेरी लागणार का हे ठेकेदार सांगायला तयार नाही. आकडेमोड सर, याची तक्रार लेबर ऑफिसात करायची तर नाव गुप्त राहतं का?