मदत हवी आहे: घरगुती वायुदाबमापक दाब दाखवतोय की तापमान?

हवामानाच्या प्रकल्पासाठी काचेच्या बरणीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बसवलंय. त्यावर मधोमध स्ट्रॉचं एक टोक चिकटवलंय, दुसरं टोक मागच्या पट्टीवर वर-खाली सरकतं. बाहेरचा दाब वाढला की रबर आत दबतं आणि टोक वर जातं. इथपर्यंत छान.

गोम अशी की दुपारी टोक हमखास खाली येतं. दुपारी चारच्या आसपास दाब कमी असतो हे खरं, पण त्याच वेळी बरणीतली हवाही तापून रबर फुगवते. हिशेब केला तर एका अंशाला साधारण ३.४ हेक्टोपास्कल इतका फरक पडतो. रोजचा दाबाचा चढउतार यापेक्षा फार मोठा नसतो, म्हणजे माझं यंत्र बहुधा तापमापकच आहे!

बरणी पाण्याच्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवून ठेवली तर भागेल का? की बरणीऐवजी सरळ थर्मास वापरू? शेजारी तापमापक ठेवून नोंदींत दुरुस्ती करायची, तर तापमान बरणीच्या आतलं घ्यायचं की खोलीचं? शिवाय रबर हळूहळू सैल पडतंय, त्याला काही टिकाऊ पर्याय आहे का? कुणी करून पाहिलं असेल तर प्लीज सांगा.