भूमध्य समुद्रातलं कोणतं बेट खिशाला परवडेल? माल्टा, क्रीट, सिसिली, मायोर्का (सल्ला हवा आहे)

अबोली

नमस्कार मंडळी. पुढच्या मे महिन्यात मुंबईहून भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर जायचं ठरतंय. आम्ही दोघं, ११ वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत आणि गुडघे दुखतात, पण समुद्र पाहायची हौस आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांनाच जास्त. एकूण ९ रात्री. विमान, व्हिसा, सगळं धरून ६ लाखांच्या वर जायचं नाही. हिशोबाला मी युरो १०० रुपये धरला आहे.

हॉटेलांच्या साइटवर पंधरा दिवस डोकं खुपसून बसले, एक वहीभर तक्ता केला. मायोर्का (स्पेन), क्रीट आणि सँटोरिनी (ग्रीस), सिसिली (इटली), माल्टा (स्वतंत्र देश). खोल्यांचे दर पाहिले तर सँटोरिनी सोडून सगळी बेटं उन्नीस-बीस वाटतात. मग फरक पडतो तो नेमका कशात? ज्यांनी स्वतः खर्च केला आहे त्यांनी कृपया आकड्यांसकट सांगा. टूर कंपनीचं पॅकेज नको आहे, सासूबाईंना त्यांची धावपळ झेपत नाही.

राईनकाठ

मी गेली ११ वर्षं जर्मनीत आहे, मायोर्काला तीनदा जाऊन आलो. इथल्या लोकांसाठी मायोर्का स्वस्त आहे, कारण इथून थेट विमानं ढिगाने आहेत आणि स्पर्धेमुळे तिकिटं उतरतात. मुंबईहून निघणाऱ्याला हा फायदा मिळत नाही. तुम्हाला बहुधा आधी युरोपातलं एखादं मोठं शहर गाठावं लागेल, मग तिथून मायोर्काचं पाल्मा. बेट सुंदर आहे, बससेवा उत्तम आहे, पण तुमच्या बजेटचा बराचसा भाग तिथे पोचेपर्यंतच संपेल.

दुसरं म्हणजे पर्यटन कर. मायोर्का ज्यांत येतं त्या बॅलिआरिक बेटांवर २०१६ पासून माणशी, रात्रीगणिक कर आहे. मे ते ऑक्टोबरमध्ये साध्या तीन तारांकित हॉटेलला माणशी २ युरो आणि वर १० टक्के व्हॅट. १६ वर्षांखालच्यांना माफ, नवव्या रात्रीपासून निम्मा. तुमची तीन मोठी माणसं आणि ९ रात्री धरल्या तर साधारण ५६ युरो. बुकिंग करताना बहुतेक वेळा हा कर किमतीत दिसत नाही, काउंटरवर भरावा लागतो. तुमच्या तक्त्यात तो रकाना आहे का?

अबोली

नाही हो दादा, तो रकानाच नाही. आजच घालते. बाकी बेटांवरही असाच कर आहे का?

पाटवडी

अबोलीताई, ग्रीसमध्ये आहे, आणि तिथे खोलीवर आहे, माणसावर नाही. हे लक्षात न आल्यामुळे आमचे पैसे गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

२०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये तीन तारांकित हॉटेलला दर खोलीमागे रात्रीला ५ युरो, चार तारांकितला १०, पाच तारांकितला १५. तुम्हाला दोन खोल्या लागणार, म्हणजे चार तारांकितला ९ रात्रींचे १८० युरो फक्त कराचे. घरगुती चालवलेल्या भाड्याच्या खोल्या आणि स्टुडिओ असतात, त्यांना तोच कर २ युरो आहे. म्हणजे ३६ युरोत काम भागतं. शिवाय अशा ठिकाणी छोटी शेगडी, भांडी असतात आणि मालकीणबाई सकाळी अंगणातली लिंबं आणून देतात. आम्ही क्रीटमध्ये खानियाला असा स्टुडिओ घेतला होता, मेच्या मध्यावर रात्रीला ६५ युरो पडले. त्याच सहलीत सँटोरिनीला दोन रात्री राहिलो. ज्वालामुखीच्या कड्याकडे पाठ असलेली, आतल्या गावातली साधी खोली, खिडकीतून फक्त समोरची भिंत, तरी ११० युरो. कड्याकडे तोंड असलेल्या खोल्यांचे दर विचारून पुढे निघाले.

सँटोरिनीला सासूबाईंना नेऊ नका असं अगदी मनापासून सांगते. ते पांढरं-निळं ईया गाव फोटोत जितकं देखणं दिसतं, तितकंच पायऱ्यांचं आहे. माझी आई तिसऱ्या वळणावर कट्ट्यावर टेकली ती सूर्यास्तापर्यंत तिथेच. बाकी आम्ही पाहून आलो, तिने काही पाहिलं नाही. मला अजून वाईट वाटतं. ग्रीसच घ्यायचं तर नॅक्सोस बेट घ्या. गावाजवळच वाळूचा किनारा आहे, आणि चालणं बरंचसं सपाटीवरचं.

जेवणाची मात्र ग्रीसमध्ये चिंता नाही. चर्चच्या उपवासांमुळे तिथे तेलातल्या भाज्या, भरलेले टोमॅटो, मोठ्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ, रानभाज्या असं भरपूर मिळतं. सँटोरिनीची फावा म्हणून एक गोष्ट आहे. पिवळ्या डाळीचं घट्ट घोटलेलं वरण, वर ऑलिव्ह तेल, चिरलेला कांदा, लिंबू. मी नागपूरची, पहिला घास घेतला आणि घरचं लाखोळीच्या डाळीचं वरण आठवलं. परत येऊन शोधलं तर ती डाळ खरंच आपल्या लाखोळीच्या जवळच्या नात्यातली निघाली. आईने त्या दोन दिवसांत दुसरं काही मागवलं नाही.

चौघांचं रात्रीचं जेवण खानियात बंदरापासून दोन गल्ल्या आत गेलं की ५०-५५ युरोत व्हायचं. बंदरावर बसलात की तेच ८०.

मुक्काम_पोस्ट

पाटवडीताईंशी सहमत, फक्त एक जोडतो. क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे. लोक नकाशावर एक बेट बघतात आणि एका हॉटेलात राहून सगळं पाहू असं धरून चालतात. एलाफोनिसी, बालोस हे गाजलेले किनारे खानियापासून लांब आहेत, बस उन्हाळी वेळापत्रकावर चालतात, नाहीतर भाड्याची गाडी. गाडीसाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, हजार रुपये फी, वर्षभर चालतो. आणि गाडी ज्याच्या नावावर त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, त्यावर मोठी अनामत अडकवून ठेवतात. माझ्याकडे डेबिट कार्ड होतं. काउंटरवरच्या माणसाने शांतपणे नकार दिला आणि दिवसाला २० युरोचा जादा विमा गळ्यात मारला. ३२ युरोची गाडी ५२ ला पडली.

आम्ही गेल्या वर्षी सिसिली केली. स्वस्ताईत माझं मत सिसिलीला. कातानियात नाश्त्यासकट खोली ७५ युरो, विमानतळावरून शहरात यायला बस ४ युरो, सिराक्युज बसने सव्वा-दीड तास. एटना ज्वालामुखीच्या उतारावरच्या विश्रामगृहापर्यंत सकाळची बस आहे, आपल्या एसटीसारखी, चुकली तर दिवस गेला. तिथून वर रोपवेचे मात्र माणशी ५० युरोच्या पुढे. आम्ही खालच्या जुन्या विवरांभोवतीच फिरलो, काळ्या राखेत पाय रुतवत, फुकट, आणि मुलं प्रचंड खूश. इटलीत सरकारी संग्रहालयं १८ वर्षांखालच्यांना मोफत असतात, महिन्याच्या पहिल्या रविवारी तर सगळ्यांनाच. तारखा जुळत असतील तर बघा.

शाकाहाराचं म्हणाल तर पालेर्मोत हातगाडीवर पानेल्ले मिळतं. हरभऱ्याच्या पिठाचं घट्ट पिठलं थापून, वड्या पाडून तळतात आणि पावात घालून देतात. पाटवडीच ती! कातानियाचा वांग्याचा पास्ता, पास्ता आला नोर्मा, तोही विनामांस. हॉटेलात बसलात की माणशी दीड-दोन युरो बैठकीचे लावतात, ते बिलात पाहून भांडू नका, तिथली रीतच आहे.

एक चूक आमची. मुंबई-रोम एक तिकीट आणि रोम-कातानिया स्वस्त विमानाचं वेगळं तिकीट काढलं. तिकीट २९ युरोचं. दारावर बॅगा मोजायच्या लोखंडी खोक्यात आईची बॅग बसेना. बायकोने तिथेच जमिनीवर बॅग उघडली, भाजणीचं पाकीट आणि दोन लुगडी काढून स्वतःच्या कोटाच्या खिशात आणि खांद्यावर घेतली, तरी चाकांमुळे बसेना. ६० युरो भरले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच. दोन वेगळी तिकिटं असली की पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसेही बुडतात. सासूबाई बरोबर असताना ही जोखीम घेऊ नका.

सागरगोटा

मी मूळचा रत्नागिरीचा, माल्टात सहा वर्षं नोकरी करतोय. माझं मत थोडं आपलेपणाचं असेल, तेवढं वजा करून वाचा.

वहिनी, तुमच्या तक्त्यात खोलीचा दर सगळ्यात मोठा रकाना आहे, तो सगळ्यात छोटा करा. बेट महाग पडतं ते पोचण्यात आणि फिरण्यात. माल्टा जेमतेम २७ किलोमीटर लांब आहे. एकाच घरात ९ रात्री राहायचं, सामान एकदाच सोडायचं, गाडी लागत नाही. बसचं तिकीट उन्हाळ्यात अडीच युरो, दोन तास चालतं. सात दिवसांचं कार्ड २५ युरो. शेजारच्या गोझो बेटावर जाताना बोटीत कुणी तिकीट विचारत नाही, परतताना एकदाच ४.६५ युरो घेतात. पर्यावरण वर्गणी आहे, २०१६ ला सुरू झाली तेव्हा मोठ्या माणसाला रात्रीला अर्धा युरो आणि एका मुक्कामाला जास्तीत जास्त ५ युरो अशी ठेवली होती. त्या हिशोबाने तुमचे तिघांचे १३.५० युरो.

आता तुमचा हिशोब मी असा मांडतो. मुंबईहून दुबईमार्गे एकाच तिकिटावर माल्टापर्यंत येता येतं, मेमध्ये माणशी ६० हजार धरा, २ लाख ४० हजार. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना एकच चालतो तो) मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाला ४५, म्हणजे ३१५ युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क आणि ३० हजार युरोच्या संरक्षणाचा प्रवास विमा. ४५ हजार धरा. उरले ३ लाख १५ हजार. मेलीहा किंवा बुजिब्बा या किनाऱ्यावरच्या गावांत दोन खोल्यांचं स्वयंपाकघरवालं घर १२० युरोच्या आसपास, ९ रात्रींचे १ लाख ८ हजार. दिवसाला १०० युरो खाण्या-फिरण्याचे धरले तरी ९० हजार. हाताशी लाखभर राहतात.

स्वयंपाकघर मुद्दाम सांगतोय. इथे आता भारतीय भरपूर आहेत, तूरडाळ, कणिक, कढीपत्ता सगळं दुकानात मिळतं. सासूबाईंनी सकाळी पोळी-भाजी केली की दुपारचं बिल वाचतं आणि त्यांचं पोटही सांभाळलं जातं. बाहेर पास्तित्सी खाल, म्हणजे पापुद्र्यांची छोटी पॅटिस, रिकोटा चीजची किंवा मटारची. तोंडात विरघळते आणि खिशाला लागत नाही. पण तिच्या पिठात कधीकधी डुकराची चरबी असते. विचारल्याशिवाय सासूबाईंना देऊ नका.

आता वाईट बाजू. वाळूचे किनारे मोजके आहेत, बाकी खडक. मुलीसाठी मेलीहाचा उथळ किनारा योग्य. जिथे बघाल तिथे क्रेन आणि बांधकाम. उन्हाळ्यात बस भरली की थांब्यावर न थांबता निघून जाते. आणि मेमध्ये पाणी थंड असतं, १९-२० अंश. कोकणातल्या पाण्याची सवय असेल तर पहिल्या बुडीला अंगावर काटा येतो.

पाटवडी

सागरगोटा यांचा हिशोब चोख आहे. तरीही डोंगर, दऱ्या, मोकळी गावं हवी असतील तर क्रीटला तोड नाही, पुढेमागे दोघंच गेलात तर नक्की जा. आणि ग्रीसमध्ये मेला जायचं तर ऑर्थोडॉक्स ईस्टर कधी येतो ते पाहा. २०२७ मध्ये तो २ मेला आहे. त्या आठवड्यात अख्खा देश गावी निघतो, बोटी आणि खोल्या दोन्ही मिळत नाहीत.

अबोली

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, वाचता वाचता नवऱ्याला दोनदा हाक मारून दाखवलं. वहीतला तक्ता नव्याने केला. पोचणं, फिरणं, कर, सामान, असे रकाने घातल्यावर मायोर्का आणि सँटोरिनी आपोआप गळाली. माल्टा नक्की. एकच मोह सुटत नाही, सिसिलीचा. माल्टाहून बोट आहे म्हणे?

आणि सायप्रसबद्दल कुणी काहीच लिहिलं नाही.

राईनकाठ

सायप्रसला डावीकडून गाडी चालवायची असते, माल्टासारखीच, प्लगही ब्रिटिश पद्धतीचे. पण तो देश युरोपियन संघात असूनही माझ्या माहितीत शेंगेनबाहेर आहे. व्हिसा वेगळा. दोन बेटं जोडायची असतील तर तो त्रास आत्ता नको.

सागरगोटा

बोट आहे. माल्टाची राजधानी व्हॅलेटाहून सिसिलीतलं पोत्साल्लो बंदर, वेगवान कॅटामरान, पावणेदोन तास. दोन्ही देश शेंगेनमध्ये, त्यामुळे तोच व्हिसा चालतो. फक्त माल्टात जास्त रात्री ठेवा, म्हणजे अर्ज माल्टाकडेच करायचा हे स्पष्ट राहील. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मेसाठी डिसेंबरमध्येच तारीख घ्या, मार्च उजाडला की मुंबईत तारखा मिळत नाहीत. माझा सल्ला, सात रात्री माल्टा, दोन रात्री सिराक्युज, परतीचं विमान माल्टाहूनच. बोट रोज त्याच वेळेला नसते, आणि वारा सुटला की रद्द होते, म्हणून सिसिली मधल्या दिवसांत ठेवा, शेवटच्या दिवशी नको.

व्हॅलेटात चढ-उतार बराच आहे, पण बंदरावरून वरच्या बराक्का बागेपर्यंत लिफ्ट आहे. सासूबाईंना लिफ्टने न्या, बागेत कमानींखाली बाकं आहेत, समोर पूर्ण बंदर दिसतं, तासभर बसल्या तरी मन भरणार नाही. खाली दुपारी १२ ला तोफ उडवतात. त्यांना आधी सांगून ठेवा, आवाज फार मोठा होतो.