प्रतिसाद: आरएमचा एलियस नको, फंक्शन लिहा

लिनक्समध्ये फाइल उडवणाऱ्या 'आरएम' कमांडलाच 'आरएम डॅश आय' असा एलियस (टोपणनाव) द्या, म्हणजे ती उडवण्याआधी विचारेल, ही वरची सूचना मला पटली नाही. हाताला सवय लागते आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर तो एलियस नसतो. पणजीत एका क्लायंटकडे मी असाच लॉगचा अख्खा फोल्डर उडवला. बेतीच्या फेरीबोटीत घाम पुसत बसलो होतो. त्यापेक्षा विचारून उडवणाऱ्या कमांडला वेगळंच नाव ठेवा.

फंक्शन म्हणजे आपण नाव दिलेला कमांडचा संच; त्यातलं माझं लाडकं म्हणजे 'एमकेसीडी'. फोल्डर बनवायचा आणि लगेच आत शिरायचं: 'एमकेडीर डॅश पी', दोन अँपरसँड, मग 'सीडी'. दोन्हीकडे 'डॉलर एक' (म्हणजे तुम्ही दिलेलं फोल्डरचं नाव) दुहेरी अवतरणात, नाहीतर नावात स्पेस आली की बोंब! हे फंक्शन म्हणून बॅशआरसीतच (टर्मिनल उघडताना बॅश वाचतो ती फाइल) टाका. वेगळी स्क्रिप्ट केलीत तर ती स्वतःच्या प्रोसेसमध्ये चालते, तुम्ही आहात तिथेच राहता.