मदत हवी आहे: पीएस5, दुसरा कंट्रोलर, गेम्स, यूपीएस... 70 हजारांत काय बसवू आणि काय सोडू?

नमस्कार मंडळी,

मुलांसाठी पीएस5 (सोनीचा प्लेस्टेशन 5, टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल) घ्यायचं घरात ठरलंय. बजेट 70 हजार, त्यातले 50 या महिन्यात भिशीचे लागलेत आणि 20 मी बाजूला टाकलेले होते, याच्या पुढे ताणायचं नाही असं आम्हा दोघांचं पक्कं आहे. मोठा नववीत, धाकटी पाचवीत. दोघांनी मिळून खेळावं हा माझा हट्ट आहे, नाहीतर मोठा एकटाच तासन् तास बसणार आणि धाकटी मागे उभी राहून माझा नंबर कधी माझा नंबर कधी करणार, ते मला नकोय. म्हणून नुसता कन्सोल कितीला पडतो हे विचारायचं नाहीये. तो घरात आल्यावर पहिल्या वर्षात एकूण किती पैसे जातात आणि त्यातलं पहिल्याच दिवशी काय काय घ्यावंच लागतं, हे सांगा.

राहायला मिरजेत. परवा सांगलीत एका दुकानात जाऊन कोटेशन घेतलं तर त्यांनी कन्सोल, जादा कंट्रोलर, चार्जिंग डॉक, हेडसेट, उभा ठेवायचा स्टँड, एचडीएमआय केबल, दोन नवे गेम आणि एक्स्टेंडेड वॉरंटी असं सगळं लिहून खाली बेरीज नव्वदला टेकवली. वर म्हणाले ताई हे लागतंच, आत्ता नाही घेतलं तर नंतर परत यायला लागेल. मी कागद घेऊन घरी आले आणि दोन रात्री बसून एकेक आयटम शोधून काढला.

केबल बॉक्समध्येच येते, आणि चांगली 2.1 वालीच येते, आमचा टीव्ही 43 इंची साधा 60 हर्ट्झचा आहे त्याला तर ती जास्तच झाली. हेडसेटचं म्हणाल तर कंट्रोलरला खालच्या बाजूला 3.5 एमएमचा जॅक आहे, मोबाईलचा जुना वायरवाला इयरफोन त्यात चालतो (ब्लूटूथवाला मात्र पीएस5 ला थेट जोडता येत नाही, मुलाने त्याचा नेकबँड चालेल असं धरलं होतं). डॉक नको, टाइप-सी वायरने चार्ज होतो. स्टँड स्लिम मॉडेलला वेगळा विकत घ्यावा लागतो हे खरं पण आडवा ठेवायला छोटे पाय बॉक्समध्येच मिळतात आणि आमच्या टीव्ही युनिटमध्ये तो आडवाच बसणार आहे. म्हणजे एवढं सगळं गेलं यादीतून. यात माझं काही चुकत असेल तर सांगा.

आता उरलं ते असं. स्लिम भारतात एप्रिल 2024 मध्ये आला तेव्हा डिस्कवाला 54,990 आणि डिजिटल (डिस्क लागत नाही, गेम फक्त डाउनलोड करायचे) 44,990 होता, मी हिशोबाला तोच डिस्कवाल्याचा आकडा धरलाय, ऑफरमध्ये कमी झाला तर देवाची कृपा. दुसरा कंट्रोलर 5,990 धरलाय. झाले 60,980. हातात 9,020 राहतात आणि त्यात गेम, ऑनलाइनची वर्गणी आणि यूपीएस असं तिन्ही बसत नाहीये.

डिस्कवाला का घेतेय तेही सांगते कारण नवरा म्हणतोय डिजिटल घे, दहा हजार वाचतात, ते गेमला वापर. पण सोनीचे मोठे नवे गेम पाच हजारांच्या घरात येतात. डिजिटलवर एकदा घेतला की तो अकाउंटला चिकटला, ना विकता येत ना मावसभावाला देता येत. डिस्क असेल तर वापरलेली अडीच हजाराला घ्यायची, दोन महिने खेळायची आणि शे-पाचशे कमी घेऊन पुढे द्यायची. माझ्या भाच्याचे मुंबईत असेच चाललेले असते, लॅमिंग्टन रोडला जाऊन बदलून आणतो. शिवाय पीएस4 च्या जुन्या डिस्क पीएस5 वर चालतात आणि त्या तर अजून स्वस्त मिळतात. वर्षाला सहा गेम जरी धरले तरी दहा हजारांचा फरक पहिल्याच वर्षी भरून निघतो असं माझं गणित आहे. डिजिटल घेऊन नंतर ड्राइव्ह वेगळा लावता येतो हेही वाचलं, पण तो इकडे वेळेवर आणि रास्त भावात मिळेल याचा भरवसा वाटत नाही.

यूपीएसचं मात्र खरंच कोडं आहे. आमच्याकडे वळवाच्या दिवसांत संध्याकाळी लाइट दहा-दहा मिनिटांनी जाते-येते. घरात इन्व्हर्टर आहे, पंखे-दिवे आणि हॉलचा टीव्ही त्याच्यावर आहे. पण लाइट गेली की इन्व्हर्टर खट्ट करून चालू होतो तेवढ्यात टीव्ही बंद पडून परत सुरू होतो, सेटटॉप बॉक्स तर पहिल्यापासून सगळं लोड करत बसतो. पीएस5 चं पण तसंच होणार ना? 55 हजारांची वस्तू दर संध्याकाळी अशी धाडकन बंद होणं मला परवडणार नाही. दुकानदार म्हणाला 600 व्हीएचा कॉम्प्युटरचा यूपीएस लावा, तीन हजारांत काम होईल. शेजारचे म्हणतात 600 पुरणार नाही, 1 केव्हीएचा घ्या, तो पाच-सहा हजारांच्या घरात जातो. मग गेमला काय उरलं?

तर प्रश्न असे:
यूपीएस घ्यावाच का, की इन्व्हर्टरवर काही करता येतं? ऑनलाइनची वर्गणी पहिल्या दिवसापासून लागते का, आणि दोन मुलं म्हणजे दोन घ्यायला लागतात का? दोघांनी एका सोफ्यावर बसून खेळायचे, मारधाड नसलेले गेम कोणते? आणि पीएस4 चा जुना कंट्रोलर भाच्याकडे पडून आहे, तो दुसरा म्हणून चालला तर सहा हजार वाचतील, चालेल का?

आगाऊ धन्यवाद. सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

प्रतिसाद 1

ताई, तुमच्या यादीतली काटछाट एकदम बरोबर आहे. शेवटच्यापासून सुरू करतो, पीएस4 चा कंट्रोलर पीएस5 ला जोडला जातो पण त्याने फक्त पीएस4 चे गेम खेळता येतात, पीएस5 चा गेम लावला की तो चालत नाही. त्यामुळे दुसरा कंट्रोलर घ्याच, तुमचा सगळा उद्देशच दोघांनी खेळण्याचा आहे तर तिथे वाचवू नका.

यूपीएस घेऊ नका. आधी इन्व्हर्टरच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूला एक छोटा स्विच असतो तो बघा, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको असं लिहिलेलं असतं. बहुतेक घरांत बसवणारा माणूस तो नॉर्मलवर ठेवून जातो. यूपीएस मोडवर टाकला की लाइट गेल्यावर बदल इतक्या पटकन होतो की टीव्ही, कॉम्प्युटर सहसा बंद पडत नाहीत. आधी सेटटॉप बॉक्सवर ट्राय करा, मेन स्विच पाडून बघा, तो रिस्टार्ट झाला नाही तर पीएस5 पण टिकेल. लोडचं म्हणाल तर पीएस5 खेळताना 200 वॅटच्या आसपास घेतो, टीव्ही शंभरेक धरा, म्हणजे इन्व्हर्टरवर पंखे-दिव्यांसकट बसतं, फक्त मिक्सर किंवा इस्त्री त्याच लाइनवर नको. आणि लाइट गेली की मुलांना सेव्ह करून बंद करायची सवय लावा, बॅटरीवर तासभर खेळणं म्हणजे रात्री पंखा बंद. 600 चा यूपीएस खरंच कमी पडतो, त्यातून जेमतेम साडेतीनशे वॅट निघतात, टीव्ही आणि कन्सोल मिळून तो काठावर येईल.

एखाद्या वेळी धाडकन बंद झालाच तर घाबरू नका, चालू होताना तो स्वतःच स्टोरेज तपासून घेतो. रोज रोज होऊ देऊ नका एवढंच.

प्रतिसाद 2

माझं मत वेगळं आहे. एक्सबॉक्स सिरीज एस बघितला का? भारतात नोव्हेंबर 2020 मध्ये 34,990 ला आला होता, गेम पास (बरेच गेम खेळायला मिळणारी महिन्याची वर्गणी) घेतला की गेम विकत घ्यायचं टेन्शनच नाही, आमच्याकडे दोन्ही मुलं त्यावर खूश आहेत. कंट्रोलरला पेन्सिल सेल लागतात, रिचार्जेबल घेऊन टाका.

प्रतिसाद 3

सिरीज एस वाईट नाही पण ताईंना डिस्क विकत-बदलत खेळायचंय आणि त्याला डिस्क ड्राइव्हच नाही, शिवाय गेम पास अल्टिमेट ऑक्टोबर 2025 मध्ये चांगलाच महाग झाला, दर महिन्याला जाणारा पैसा वर्षाचा धरून बघा मग कळतं.

वर्गणीबद्दल. पीएस प्लस पहिल्या दिवशी अजिबात घेऊ नका. घरात दोघांनी एका टीव्हीवर खेळायला ती लागत नाही, फोर्टनाइट, रॉकेट लीग असले फुकटचे गेम ऑनलाइन खेळायलाही लागत नाही. विकत घेतलेला गेम ऑनलाइन मित्रांबरोबर खेळायचा असेल तरच लागते. सप्टेंबर 2023 मध्ये बारा महिन्यांच्या प्लॅनच्या किमती वाढवल्या तेव्हा साधा इसेन्शियल 3,949 आणि भरपूर गेम मिळणारा एक्स्ट्रा 6,699 झाला होता, घ्यायच्या दिवशीचा भाव स्टोअरवर बघून घ्या. दोन मुलांसाठी दोन लागत नाहीत. एकाच्या अकाउंटवर घ्यायची आणि सेटिंगमध्ये कन्सोल शेअरिंग चालू ठेवायचं, त्या मशीनवरच्या बाकीच्यांना ती चालते.

एक महत्त्वाचं, पहिलं अकाउंट तुमच्या नावाने काढा आणि मुलांची तुमच्या खाली चाइल्ड अकाउंट म्हणून. मग किती वेळ खेळायचं आणि महिन्याला किती खर्च करायचा दोन्ही तुमच्या हातात राहतं. खर्चाची मर्यादा शून्य ठेवा. फोर्टनाइट फुकट आहे पण त्यातले कपडे आणि नाच फुकट नाहीत, आमच्या नात्यात एका घरी कार्ड सेव्ह राहिलं आणि महिन्याचं बिल बघून सगळे गार पडले. कार्ड सेव्ह करूच नका, लागेल तेव्हा गिफ्ट कार्डने वॉलेटमध्ये टाका.

गेम: इट टेक्स टू डोळे झाकून घ्या, 2021 चा आहे, दोघं असल्याशिवाय चालतच नाही, स्क्रीन मधोमध दोन भागांत होते आणि एकाने दुसऱ्याला मदत केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यावर 12 वर्षांचं रेटिंग आहे तर धाकटीबरोबर पहिले दोन दिवस तुम्ही बसा. क्रिकेट 24 आहे, घरात क्रिकेटवेडे असाल तर तुम्ही पण खेळाल. फुटबॉलचा एफसी घ्यायचा तर मागच्या वर्षीचा घ्या, दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास नवा आला की जुन्याची डिस्क एकदम पडते. ॲस्ट्रोज प्लेरूम कन्सोलमध्येच फुकट असतो, पहिला आठवडा त्यातच जाईल. मोठा जीटीए मागेल, त्यावर 18 चं रेटिंग आहे, तिथे ठाम राहा.

प्रतिसाद 4

नो कॉस्ट ईएमआयचा आग्रह झाला तर हो म्हणायच्या आधी विचारा की एकरकमी दिले तर किती. ईएमआयमध्ये व्याजाएवढी सूट आधी दाखवतात पण व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते. रोख आहेत तर रोखच द्या. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. आणि कोणी निन्टेन्डो सुचवलं तर, ते भारतात अधिकृत विकत नाहीत, बाहेरून आणलेला पीस असतो, वॉरंटीला वाली नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या आपुलकीने लिहिलंत.

दादा, इन्व्हर्टरचा स्विच आज बघितला. मागे धुळीत होता, नॉर्मलवरच होता. यूपीएसवर टाकून नवऱ्याने मेन पाडला, दिवे जरासे लुकलुकले आणि सेटटॉप बॉक्स चालूच राहिला! चार वेळा करून बघितलं. यूपीएस यादीतून गेला. फक्त एक चांगला स्पाइक गार्ड घेणार, तोही इलेक्ट्रिशियनकडून त्या प्लगचं अर्थिंग तपासून मगच, कारण अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग होत नाही असं तो म्हणाला.

एक्सबॉक्सचं सुचवलंत त्याबद्दल धन्यवाद, पण महिन्याला पैसे जाणारी गोष्ट मला नको वाटते. भिशीचे एकदा लागले की लागले, दर महिन्याला कुठून आणू.

आता हिशोब असा बसतोय. कन्सोल 54,990, कंट्रोलर 5,990, वापरलेल्या दोन डिस्क साडेचार हजार, स्पाइक गार्ड 500. झाले 65,980. उरतात 4,020, ते वर्षभर हात न लावता ठेवणार, मोठ्याला खरंच मित्रांबरोबर ऑनलाइन खेळावंसं वाटलं तर वर्गणी, नाहीतर आणखी दोन डिस्क. लाइट बिलाचं पण काढलं, रोज दोन तास धरले तर कन्सोलचे महिन्याला 12 युनिट, दीडशेच्या आतच जातंय. दिवाळीच्या ऑफरमध्ये किंमत उतरली तर तेवढे पैसे थेट गेमच्या खात्यात.

दोन गोष्टी अजून विचारते. स्लिममध्ये 1 टीबी आहे, त्यात मोठे गेम शंभर-शंभर जीबीचे म्हणतात, तर जागा वाढवायला वेगळा एसएसडी आत्ताच घालावा की खेळून झालेला गेम काढून टाकला तरी चालतो? डिस्क असल्यावर परत इन्स्टॉल करता येईलच ना, फक्त अपडेट परत उतरवावे लागतील असं मला वाटतंय. आणि सांगली, मिरज, कोल्हापूर भागात कोणाकडे इट टेक्स टू ची डिस्क द्यायची असेल तर कळवा, पीएस4 ची असली तरी चालेल. ओरखडे नकोत, घ्यायच्या आधी लावून बघेन.