परिपाठासाठी २४ डिसेंबरचा दिनविशेष: कोणत्या नोंदी घ्याव्यात, तारखा कशा तपासाव्यात?

वर्गशिक्षिका_पुणे:

नमस्कार. पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते सातवीच्या परिपाठासाठी २४ डिसेंबरचा दिनविशेष तयार करायचा आहे. मुलं तो तीन मिनिटांत वाचतील आणि तोच मजकूर फाटकाजवळच्या सहा बाय चार फुटी फळ्यावर लिहायचा आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी अशी आहे:

१५२४ वास्को द गामाचं कोचीनला निधन, १८१८ शास्त्रज्ञ जेम्स ज्यूल यांचा जन्म, १८९९ साने गुरुजींचा जन्म, १९२४ मोहम्मद रफी यांचा जन्म, १९६८ अपोलो ८ चंद्रावर उतरलं, १९७३ तमिळनाडूचे समाजसुधारक पेरियार यांचं निधन, १९८६ ग्राहक संरक्षण कायदा लागू, म्हणून राष्ट्रीय ग्राहक दिन, १९८७ तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांचं निधन. १९९९ काठमांडूहून दिल्लीला येणाऱ्या भारतीय विमानाचं अपहरण. आणि शेवटी दत्तजयंती.

यातलं चुकीचं काय आहे? वास्को द गामाची तारीख एका ठिकाणी ३ जानेवारी दिसते, ती का? परिपाठाच्या पंचांगात "३ पौष" लिहिलेलं असतं आणि घरच्या कॅलेंडरवर वेगळंच, त्याचं काय करायचं? शिवाय २५ ला नाताळची सुट्टी, मग त्या दिवसाच्या नोंदी २४ लाच वाचाव्यात का?

कलम_आणि_तारीख:

ताई, ग्राहक दिनाच्या नोंदीतला "लागू" हा शब्द आधी काढा. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. अंमल सुरू झाला १५ एप्रिल १९८७ पासून, आणि तक्रार निवारणाची यंत्रणा ज्या तिसऱ्या प्रकरणात होती ते त्याच वर्षी १ जुलैपासून अमलात आलं. कायद्याच्या बाबतीत संसदेत मंजुरी, राष्ट्रपतींची संमती आणि अंमल या तीन तारखा वेगवेगळ्या असतात. दिनविशेषाच्या याद्या तिन्हींना "लागू झाला" म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. फळ्यावर एवढंच लिहा: "१९८६: ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती. राष्ट्रीय ग्राहक दिन."

तो मूळ कायदा आज अस्तित्वात नाही, हेही मुलांच्या कानावर घाला. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला. त्याला संमती मिळाली ९ ऑगस्ट २०१९ ला आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला, काही कलमं २४ जुलैपासून. त्यामुळे "ग्राहक मंच" हे नाव जुनं झालं. आता "जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग" म्हणतात. दर वर्षी अनेक फलकांवर "मंच"च रंगवलेलं दिसतं, कारण आदल्या वर्षीचा मजकूर तसाच उतरवला जातो.

१५ मार्चचा दिवस याच्याशी मिसळू नका. तो जागतिक ग्राहक हक्क दिन. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १५ मार्च १९६२ ला तिथल्या संसदेला पाठवलेल्या संदेशात ग्राहकांचे हक्क मांडले होते, त्यावरून तो आला.

या नोंदीला पुण्याचा धागाही आहे. अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची स्थापना १९७४ साली पुण्यात झाली, संस्थापक बिंदुमाधव जोशी. म्हणजे कायद्याच्या १२ वर्षं आधी इथे चळवळ उभी होती. पुण्यातल्या शाळेच्या फळ्यावर ही ओळ यायलाच हवी.

कालगणना:

तारखांचं मी सांगतो.

वास्को द गामा वारला तेव्हा पोर्तुगालमध्ये ज्यूलियन कॅलेंडर चालू होतं. ग्रेगोरियन, म्हणजे आपण आज वापरतो ते सुधारलेलं कॅलेंडर आलं १५८२ मध्ये: तिथे ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस एकदम १५ ऑक्टोबर धरला गेला. १५२४ साली दोन्ही कॅलेंडरांत १० दिवसांचा फरक होता, त्यामुळे ज्यूलियन २४ डिसेंबर १५२४ म्हणजे ग्रेगोरियन ३ जानेवारी १५२५. दोन्ही तारखा बरोबर आहेत. इतिहासात १५८२ पूर्वीची तारीख त्या काळच्या कॅलेंडरनुसार देण्याचा प्रघात आहे, म्हणून २४ डिसेंबर ठेवा, मात्र "त्या काळच्या कॅलेंडरनुसार" हे शब्द जोडा. न्यूटनच्या जन्मतारखेतही हाच प्रकार: इंग्लंडमध्ये जुनं कॅलेंडर चालू असल्यामुळे तिथे २५ डिसेंबर १६४२, आजच्या हिशोबाने ४ जानेवारी १६४३. म्हणून तो वर्षातून दोनदा दिनविशेषात येतो. दोन्ही दिवशी वाचू नका, एक पद्धत ठरवा आणि वर्षभर पाळा.

अपोलो ८ बद्दलची ओळ साफ चूक आहे. ते यान चंद्रावर उतरलं नाही, त्याला उतरणारा भाग जोडलेलाच नव्हता. फ्रँक बोरमन, जिम लॉव्हेल आणि विल्यम अँडर्स हे तिघे २१ डिसेंबर १९६८ ला निघाले, २४ ला चंद्राभोवतीच्या कक्षेत शिरले आणि सुमारे ११० किलोमीटर उंचीवरून १० प्रदक्षिणा करून परतले. माणूस चंद्राच्या कक्षेत जाण्याची ती पहिली वेळ. चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचा रंगीत फोटो अँडर्स यांनी त्याच दिवशी काढला. तो छापून फळ्याच्या कोपऱ्यात लावा, मुलं थांबून बघतात.

परदेशातल्या घटनांची वेळही बघावी लागते. अपोलो ८ कक्षेत शिरलं तेव्हा भारतात २४ तारखेची दुपार होती, साधारण साडेतीन. पण चंद्राजवळून झालेलं त्यांचं प्रसिद्ध थेट प्रक्षेपण अमेरिकेत २४ च्या रात्री झालं, तेव्हा आपल्याकडे २५ ची सकाळ उजाडून आठ वाजले होते. याउलट माणसांना घेऊन पहिलं यान चंद्रावर उतरलं त्याची तारीख जगभर २० जुलै १९६९ देतात, भारतात मात्र २१ जुलैची पहाट होती. अशा वेळी घटनेची प्रचलित तारीखच द्यावी. भारतीय वेळेत बदलून दिली तर मुलांच्या पुस्तकाशी मेळ बसत नाही.

आता पौष. "भारतीय सौर ३ पौष" ही राष्ट्रीय कॅलेंडरची तारीख आहे. हे कॅलेंडर २२ मार्च १९५७ पासून सरकारी वापरात आलं. त्यात पौष महिना नेहमी २२ डिसेंबरला सुरू होतो, म्हणून २४ डिसेंबर म्हणजे दर वर्षी ३ पौषच. डिसेंबरमध्ये शक वर्ष काढायला इसवी सनातून ७८ वजा करा: २०२५ ला शके १९४७. घरच्या कॅलेंडरवरचा महिना चांद्र असतो. तो या सुमारास कधी मार्गशीर्ष, कधी पौष. परिपाठात "आजची तिथी" आणि "भारतीय सौर दिनांक" या दोन वेगळ्या ओळी ठेवा. "आज ३ पौष" एवढंच वाचलं तर मुलं ती तिथी समजतात.

दत्तजयंती यादीतून काढा. ती मार्गशीर्ष पौर्णिमेला असते आणि इंग्रजी तारखेला बांधलेली नसते: २०२३ ला २६ डिसेंबर, २०२४ ला १४ डिसेंबर, २०२५ ला ४ डिसेंबर. कुठल्या तरी वर्षी ती २४ च्या आसपास आली असणार आणि यादीत कायमची बसली. तिथीचे सण त्या वर्षीच्या पंचांगातूनच घ्यायचे, जुन्या यादीतून कधीही नाही.

शनिपार:

दहा नोंदी तीन मिनिटांत वाचल्या तर मुलांना एकही आठवणार नाही. सातवीतलं मूल माइकवर सावकाश वाचतं तेव्हा मिनिटाला शंभर शब्दांच्या पुढे जाऊ नये. म्हणजे सगळे मिळून तीनशे शब्द, त्यात तिथी, सौर दिनांक आणि दिनविशेषाचं नाव आलं. चार नोंदी पुरेत.

पहिली साने गुरुजींची, आणि तिला निम्मा वेळ द्या. पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, पालगड, रत्नागिरी जिल्हा (आजचा दापोली तालुका). अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं, त्याचं कार्यालय आज आपल्या शनिवार पेठेत आहे. निधन ११ जून १९५०. बहुतेक याद्या इथेच थांबतात आणि सगळ्यात मोठी गोष्ट राहून जाते: पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी १ मे १९४७ पासून तिथे उपोषण केलं, ते १० मे रोजी सुटलं. ही नोंद वगळून गुरुजींना फक्त "मातृहृदयी" म्हणून वाचणं मला पटत नाही.

पेरियारांची नोंद याला लागूनच घ्या. १९२४ साली केरळात वायकोम इथे मंदिराभोवतीचे रस्ते सर्वांना खुले करण्यासाठी सत्याग्रह झाला, त्यात ते तुरुंगात गेले. २४ डिसेंबर १९७३ ला वेल्लोरला निधन. वायकोम आणि पंढरपूर एकामागोमाग वाचलं की मुलांना दोन्ही माणसं कळतात.

तिसरी ग्राहक दिनाची, चौथी अपोलो ८ किंवा ज्यूल. ज्यूल घेतलात तर सातवीला हे सांगा: शंभर ग्रॅमची वस्तू एक मीटर वर उचलायला साधारण एक ज्यूल ऊर्जा लागते. रफी यांची नोंद (जन्म अमृतसर जिल्ह्यातल्या कोटला सुलतानसिंग गावी) वाचण्यापेक्षा मधल्या सुट्टीत त्यांचं गाणं लावणं चांगलं. विमान अपहरणाची पाचवीच्या मुलांसाठी गरज नाही. ते प्रकरण ३१ डिसेंबरपर्यंत चाललं आणि त्यात एका प्रवाशाचा खून झाला. एका ओळीत ते नीट सांगता येत नाही.

जयंतीचा आकडा काढताना चालू सनातून १८९९ वजा करा, एक मिळवू नका. २०२४ ला १२५ वर्षं पूर्ण झाली, २०२५ ला १२६.

२५ च्या नोंदी "उद्याचा दिनविशेष" असं स्पष्ट म्हणूनच वाचा. त्यात १९२७ चं महाडचं मनुस्मृती दहन सोडू नका.

खडू_आणि_दोरा:

फळ्याचा हिशोब वेगळा आहे, वाचायचा मजकूर त्यावर मावणार नाही. फळा ४८ इंच उंच. मथळा आणि तारखेला वरचे ८ इंच, खालचे ४ इंच रिकामे सोडा (मुलांची दप्तरं घासून तिथलं पुसलं जातं). उरले ३६ इंच. अक्षर दीड इंचाचं, पण देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, म्हणून ओळ दर तीन इंचांवर. झाल्या १२ ओळी. एका ओळीत आठ शब्द धरले तर शंभरच्या आत मजकूर बसवायचा. दीड इंचाचं अक्षर पंधरा फुटांवरून आरामात वाचता येतं, फाटकापाशी तेवढं पुरतं. ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो, आणि "गुरुजी" कुणालाच नीट वाचता येत नाही. रु ऱ्हस्व आहे, "गुरूजी" नको.

ओळी आखायला खडू लावलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि मधोमध टिचकी मारायची. मजकूर पांढऱ्या खडूने, सन पिवळ्याने. लाल आणि निळा लांबून दिसत नाहीत. खडू दहा मिनिटं साखरेच्या पाण्यात भिजवून लिहिलं तर अक्षर ठळक येतं आणि हात लागून पुसत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी कोरडं डस्टर चालत नाही, ओलं फडकं लागतं. २५ ला सुट्टी आहे, म्हणून २६ ला सकाळी लिहिणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.

वर्गशिक्षिका_पुणे:

सर्वांचे मनापासून आभार. चार नोंदी ठरल्या: साने गुरुजी, पेरियार, ग्राहक दिन, अपोलो ८. ग्राहक दिनाला वर्गात एका तासिकेत करता येईल असं काही सुचवाल का?

कलम_आणि_तारीख:

आदल्या दिवशी प्रत्येकाला घरातलं एक रिकामं वेष्टन आणायला सांगा: बिस्किटं, साबण, चहा, काहीही. वर्गात पाच गोष्टी शोधायच्या: उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क. खाण्याची वस्तू असेल तर १४ अंकी अन्न परवाना क्रमांकही. छपाई बारीक असते, दोन भिंगं जवळ ठेवा.

मग गणित. ७५ ग्रॅमचा पुडा १५ रुपयांना म्हणजे १०० ग्रॅमला २० रुपये. २०० ग्रॅमचा ४४ रुपयांना म्हणजे १०० ग्रॅमला २२. मोठा पुडा स्वस्तच असतो हा समज मुलं स्वतः तपासतात. दुसरं उदाहरण मिठाईचं: ८०० रुपये किलोची मिठाई ६० ग्रॅमच्या खोक्यासकट तोलली तर पुठ्ठ्याचे ४८ रुपये गेले. वजन खोक्याशिवाय व्हायला हवं. काट्यावर पडताळणीची मोहोर असते, इलेक्ट्रॉनिक काट्याची ती दर वर्षी करून घ्यावी लागते, तीही बघायला शिकवा.

पालकांसाठी वहीत चार ओळी लिहून द्या: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. आणि दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पावती नसली की सगळं अडतं, म्हणून चौथ्या ओळीखाली मुलांना एक पावती चिकटवायला सांगा.