बॅटरीच्या सूचना म्हणजे ‘कंपन्यांची नाटकं’? त्या पोस्टला उत्तर

पानवेल

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. सार असं: ‘८० टक्क्यांवर चार्जर काढा वगैरे सगळं थोतांड. फोनवर येणाऱ्या सूचना ही नवा फोन गळ्यात मारायची कंपन्यांची नाटकं. आठवड्यातून एकदा बॅटरी शून्यावर आणा आणि पूर्ण भरा, नव्यासारखी होते. फोन आपला नोकर आहे, आपण त्याचे नाही.’ खाली चाळीसेक अंगठे.

फोन आपला नोकर, मान्य. बाकीचं वाचून डोकं उठलं, कारण हाच सल्ला माझ्या आईने दोन वर्षं पाळला. दर रविवारी फोन बंद पडेपर्यंत वापरायचा आणि मग रात्रभर उशीखाली चार्जिंगला. गेल्या महिन्यात ती मेडिकलमध्ये बीपीच्या गोळ्या आणायला गेली. बॅटरी २३ टक्के. क्यूआर कोडसाठी कॅमेरा उघडला आणि स्क्रीन काळी. मागे रांग, जवळ रोख पैसे नाहीत. गोळ्या काउंटरवर तशाच ठेवून घरी आली आणि बराच वेळ कुणाशी बोलली नाही.

२३ टक्के असताना फोन बंद का पडला? टक्केवारी हा फोनने बांधलेला अंदाज असतो. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा, नेट आणि स्क्रीन यांनी एकदम करंट ओढला की व्होल्टेज खाली बसतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. तीन महिने सेटिंगमध्ये लिहून येत होतं की बॅटरीची क्षमता घटली आहे, सर्व्हिस करा. आम्ही नाटक समजून सोडून दिलं.

शून्यावर आणायचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळातला. त्या बॅटऱ्यांना अर्धवट चार्जिंगची सवय लागायची. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयनला, म्हणजे आजच्या फोनमधल्या बॅटरीला, ती खोड नाही. तिला सोसत नाही ती उष्णता आणि काठोकाठ भरून तासन् तास पडून राहणं. पार रिकामी करणंही तिला मानवत नाही. उशीखाली रात्रभर म्हणजे गरमही आणि भरलेलीही.

सूचना सूचनेत फरक आहे हो. २० टक्क्यांची सूचना ही नुसती आठवण. ‘तापमान जास्त, चार्जिंग थांबवले’ आलं तर मात्र ऐका. पिन काढा, कव्हर काढा, फोन सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत ओल धरते. पोर्टमध्ये ओल असल्याचं आलं तर कापूस खुपसू नका, पोर्ट खाली करून सुकू द्या. आणि क्षमतेची सूचना आली तर बॅटरी बदला. फोन बदलायची गरज नाही.

नांगरट

साफ असहमत. ज्यांच्या भिंतीत चोवीस तास वीज आहे त्यांनी ८० टक्क्यांच्या गोष्टी कराव्यात. आमच्याकडे शेतीची लाइन कधी दिवसा, कधी रात्री. वादळात गावातली गेली की दीड-दोन दिवस पत्ता नसतो. वीज आली की मी १०० करणार. उरलेले २० कुणाकडे मागू?

विहिरीवरची मोटर मोबाइल स्टार्टरवर आहे, फोन मेला की रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, म्हणजे हातातली विजेरी घेऊन, विहिरीवर जायचं. ई-पीक पाहणीला, म्हणजे पिकाची सरकारी नोंद ॲपवर करायला, पिकात उभं राहून जीपीएस चालू, कॅमेरा चालू, उन्हात दिसावं म्हणून ब्राइटनेस फुल्ल आणि रेंजची एकच काडी. चार गटांची नोंद होईस्तोवर ४० टक्के खलास.

तापमानाचं तर बोलूच नका. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो. शर्टाच्या खिशात ठेवला तरी सूचना येते. फोन घरी ठेवून शेतात जायचं का?

घाटवाट

नांगरट, तुमची अर्धी बॅटरी रेंज शोधण्यात जाते. टॉवर लांब असला की फोन जोर लावून सिग्नल फेकत राहतो. हरिश्चंद्रगडावर दोन दिवस मुक्काम असतो तेव्हा मी फोन विमान मोडवर टाकतो. नकाशे आधीच उतरवून घेतो, जीपीएस त्या मोडमध्येही चालतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायथ्याच्या पाचनईत उतरताना बॅटरी शिल्लक असते. माझ्यासोबतचे दर दहा मिनिटांनी मागची ॲप्स सरकवून बंद करत बसतात. तीच ॲप्स पुन्हा मुळापासून सुरू करायला जास्त वीज लागते.

नांगरट

विमान मोडवर टाकला तर मोटर काय विमानाने चालू करू? तुमचं गिर्यारोहण दोन दिवसांचं. आम्ही रोज तिथेच असतो.

पाना_पक्कड

‘बॅटरी बदला, फोन बदलायची गरज नाही’ हे लिहायला सोपं आहे, ताई. मिरजेत १४ वर्षं मोबाइल दुरुस्तीचं टेबल लावून बसलोय. पूर्वी मागचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी बदलायला अर्धं मिनिट. आता गोंद वितळवा, काच उचला, आणि एक रिबन तुटली की स्क्रीनचे पैसे माझ्या अंगावर. एवढं करून काही फोनमध्ये लगेच सूचना झळकते, ‘अनोळखी भाग’. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात, ‘डुप्लिकेट टाकलीत ना?’ बॅटरी चांगली आहे, सहा महिन्यांची हमी मी स्वतः देतो, पण माणूस माझ्यापेक्षा स्क्रीनवर विश्वास ठेवतो. ही सूचना नाटक नाही तर काय आहे?

जुना_खिळा

पाना_पक्कड यांनी वर्मावर बोट ठेवलं. पानवेलताई, डिसेंबर २०१७ विसरलात? जुन्या बॅटरीचे आयफोन मुद्दाम मंद केले होते हे ॲपलने कबूल केलं, माफी मागितली आणि ७९ डॉलरची बॅटरी बदलणी २९ डॉलरवर आणली. लोक बोंबलले म्हणून. त्याआधी कितीजणांनी ‘फोन म्हातारा झाला’ म्हणून नवा घेतला असेल? आणि तुम्ही म्हणता सूचनांवर विश्वास ठेवा.

पानवेल

लपवलं ते वाईटच होतं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण मंद का केले होते? माझ्या आईचा बंद पडला तसे ते अचानक बंद पडू नयेत म्हणून. लोकांचा राग होता तो न सांगितल्याबद्दल. त्याच रागामुळे २०१८ च्या अपडेटमध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान आलं. लोकांनी भांडून मिळवलेली माहिती आहे ती, आणि तुम्ही तिलाच नाटक म्हणताय.

जुना_खिळा

बरं, हा मुद्दा तुमचा. मात्र कंपन्या आपणहून काही करत नाहीत हा माझा मुद्दा कायम आहे. युरोपात जून २०२५ पासून नव्या फोनच्या बॅटरीत ८०० सायकलनंतरही, म्हणजे पूर्ण भरण्या-रिकामं होण्याच्या ८०० फेऱ्यांनंतरही, ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे असा नियम आहे. फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः बॅटरी बदलता यावी असाही नियम येतोय. आपल्याकडे कधी? निघणारी बॅटरी परत आणा, अर्धे धागे बंद होतील.

घाटवाट

निघणाऱ्या बॅटरीचे एवढे गोडवे नकोत. २००७ मध्ये नोकियाला बीएल-५सी ही बॅटरी तापू शकते असा जगभर इशारा द्यावा लागला होता, ४ कोटी ६० लाख नगांसाठी. आणि टेबलावर मिळणाऱ्या निम्म्या बॅटऱ्यांवर एमएएचचा, म्हणजे क्षमतेचा, आकडा मनाला येईल तो छापलेला असतो.

पाना_पक्कड

निम्म्या? मोजल्यात का तुम्ही? गडावर चढणाऱ्याने टेबलवाल्याला चोर म्हणायचं, हे बरं आहे. माझ्या प्रत्येक बॅटरीवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का असतो, तो दाखवल्याशिवाय मी पाकीट फोडत नाही.

आता खऱ्या धोक्याचं सांगतो. पावसाळ्यात एकजण फोन घेऊन आला, ‘डिस्प्ले सैल झालाय, चिकटवून द्या.’ कडेच्या फटीतून आतला उजेड दिसत होता. फोन टेबलावर ठेवला तर भोवऱ्यासारखा फिरला, कारण पाठ फुगलेली. उघडला तर बॅटरी टम्म, पुरीसारखी, आणि नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास. याने घरी दोन दिवस रबरबँड लावून तसाच चार्ज केला होता. फोनमध्ये सूचना येऊन गेली होती, त्याने वाचली नाही. मी बाहेर काढून वाळूच्या बादलीत ठेवली. हात कापत होते माझे. अशी बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका.

घाटवाट

‘निम्म्या’ हा शब्द मागे घेतो. पण शिक्का बघून घ्या हे तुम्हीच सांगताय, म्हणजे वाईट माल बाजारात आहेच.

पाना_पक्कड

आहे. म्हणूनच १४ वर्षं टिकलोय.

नांगरट

तुमचं भांडण चालू द्या, मी माझं सांगतो. ते जाड रबरी कव्हर काढलं. दुपारी ट्रॅक्टरवर समोर ठेवत होतो तो फोन आता डब्याच्या पिशवीत, निंबाखाली. चार्जिंग रात्री किंवा पहाटे. तीन दिवस झाले, तापमानाची सूचना आलेली नाही. एवढं पानवेलताईंचं मानलं. १०० मात्र मी करणारच.

पानवेल

करा, नांगरट. उद्या वीज असेल की नाही माहीत नसेल तर मीही १०० करेन, आणि हे मी वरच लिहायला हवं होतं. फक्त भरल्यावर उन्हात ठेवू नका. आईच्या फोनची बॅटरी काल बदलली, नाक्यावरच्या टेबलवाल्याकडूनच. आज ती पुन्हा त्याच मेडिकलमध्ये गेली होती. पाकिटात दोनशेची नोटही ठेवली होती तिने.